सात पासपोर्ट आणि आपली डिग्री

एम.ए., बी.एड. करून महाराष्ट्रात इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाला बाहेर जावंसं का वाटतं, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. २०२३ मध्ये शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार एवढं. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं. तेही परीक्षा देऊन शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरच्या निवड यादीत नाव लागलं तर. ज्यांचं लागत नाही ते विनाअनुदानित शाळेत, ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, नाहीतर संध्याकाळच्या क्लासेसमध्ये राबतात. अशा माणसाच्या फोनवर एक दिवस निरोप येतो : परदेशात इंग्रजीचे शिक्षक हवेत, महिन्याला पावणेदोन लाख, राहणं फुकट, विमानाचं तिकीट शाळेकडून. रात्री जेवताना घरात विषय निघतो आणि आई विचारते, "खरं असेल ना रे हे?"

प्रश्न योग्य आहे, पण पुरेसा नाही. साफ खोटी ऑफर थोड्या चौकशीत उघडी पडते. शाळाच नसते, फोन उचलणारा माणूस दर वेळी वेगळा असतो, पैसे मागायची घाई असते. आयुष्याची वाट लावते ती अर्धी खरी ऑफर. तिच्यात शाळा खरी असते, वर्गातली मुलं खरी असतात, पहिल्या दोन महिन्यांचा पगारही वेळेवर येतो. फक्त तुम्हाला त्या वर्गात उभं करण्याची मुभा त्या देशाच्या कायद्याने त्या शाळेला दिलेली नसते. म्हणून पत्र खरं की खोटं याच्या आधी विचारायचा प्रश्न असा : माझा पासपोर्ट, माझी डिग्री आणि हे काम, यांची सांगड तो देश मान्य करतो का?

चीनमधल्या खासगी इंग्रजी क्लासकडून किंवा बालवाडीकडून आल्याचं सांगितलं जाणारं पत्र घेऊ. या पत्रांचा साचा ठरलेला असतो. वर रंगीत लोगो, खाली 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे'. पगार १५ हजार युआन. आठवड्याला २० ते २५ तास. शाळेजवळ फ्लॅट, वर्ष पूर्ण झाल्यावर बोनस. मग एक ओळ : सुरुवातीला बिझनेस व्हिसावर यावे, पोहोचल्यावर तो कामाच्या व्हिसात बदलून दिला जाईल. पुढची ओळ : प्रोसेसिंग फी आगाऊ भरावी, रुजू झाल्यावर परत मिळेल. आणि तळाशी तांबडा गोल शिक्का, मधोमध पाच टोकांची चांदणी.

घरातले सगळे आधी पगाराचा आकडा वाचतात आणि मग शिक्क्याकडे बघतात. बघायला हवं मधल्या त्या व्हिसाच्या ओळीकडे.

चीनमध्ये नोकरी करायची तर झेड व्हिसा लागतो. त्याचा क्रम पक्का आहे. आधी शाळा तिथल्या प्रशासनाकडे तुमच्यासाठी अर्ज करते आणि परदेशी व्यक्तीच्या कामाच्या परवान्याचं सूचनापत्र मिळवते. ते सूचनापत्र तुमच्या हातात आलं की तुम्ही इथे, भारतात, चिनी वकिलातीकडे झेड व्हिसाचा अर्ज करता. तिथे उतरल्यावर ३० दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. म्हणजे कामाची परवानगी घर सोडण्याआधी सुरू होते. 'आधी या, मग बघू' असं सांगणारा माणूस हा क्रम मुद्दाम उलटा करतो, कारण सरळ क्रमाने गेलं तर त्याला परवानगी मिळणार नाही हे त्याला ठाऊक असतं. आणि हा उलटा क्रम अंगाशी येतो तो शिक्षकाच्या. २०१३ च्या जुलैपासून लागू असलेल्या चीनच्या प्रवेश-निर्गम कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५ हजार ते २० हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडी, आणि पुढे देशाबाहेर रवानगी. शाळेलाही दंड होतो, पण शाळा तिच्या गावात राहते. पोलिसांच्या गाडीत बसतो तो शिक्षक.

आता परवानगी का मिळणार नाही, ते. चीनने २०१७ च्या १ एप्रिलपासून देशभर एकच परवाना पद्धत आणली आणि परदेशी कामगारांचे अ, ब, क असे तीन वर्ग केले. भाषाशिक्षक बहुतेक दुसऱ्या वर्गात येतात. त्यांच्यासाठी नियम असा की त्यांनी तत्त्वतः आपल्या मातृभाषेचाच विषय शिकवावा, म्हणजे ती भाषा जिथली मातृभाषा आहे त्या देशाचे ते नागरिक असावेत. शिवाय पदवी असावी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी असेल, शिक्षकपात्रतेचं प्रमाणपत्र असेल किंवा मान्य आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट सुटते. नागरिकत्वाची सुटत नाही. इंग्रजीसाठी मग अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हेच देश डोळ्यांसमोर ठेवले जातात. 'तत्त्वतः' या शब्दात एखाद्या शहरात थोडी सूट निघू शकते, पण ती आहे की नाही हे सिद्ध करणारा कागद एकच : ते सूचनापत्र. ते हाती नसेल तर एजंटाच्या 'आमच्या शहरात चालतं' या वाक्याला काडीची किंमत नाही.

शिक्क्याबद्दलही सांगायला हवं, कारण तोच लोकांना पटवतो. चीनमध्ये कंपनीच्या शिक्क्याला सहीपेक्षा अधिक वजन आहे आणि तो पोलिस खात्याकडे नोंदवलेला असतो. पण आपल्याकडे येतो तो शिक्क्याचा फोटो, आणि फोटो कुणीही चिकटवू शकतो. त्यापेक्षा कंपनीचा १८ अंक-अक्षरांचा एकीकृत नोंदणी क्रमांक मागावा. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला तो असतो आणि कंपन्यांच्या बाबतीत तो सरकारी सार्वजनिक नोंदवहीत टाकून बघता येतो : कंपनी केव्हा स्थापन झाली, कोणता धंदा करायला नोंदली, मालक कोण. फुलांचा व्यापार करणारी कंपनी इंग्रजीचा शिक्षक नेमत असेल तर पाणी कुठेतरी मुरतं आहे. आणि करार चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर बहुधा चिनी प्रतच धरली जाते. तेव्हा चिनी मजकूर कुणा स्वतंत्र माणसाकडून वाचून घ्यावा. इंग्रजीत एक वर्ष आणि चिनीत दुसरंच काही, असे करार होतात.

चीनमधल्या खासगी इंग्रजी शिकवणीच्या बाजाराचा पायाच २०२१ मध्ये हादरला. त्या वर्षी २४ जुलैला चीनच्या मध्यवर्ती नेतृत्वाने शालेय मुलांवरचा गृहपाठाचा आणि खासगी शिकवणीचा असा दुहेरी भार कमी करण्याचं धोरण जाहीर केलं. शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालवलेल्या शिकवण्या बंद, शनिवार-रविवारचे आणि सुट्टीतले वर्ग बंद, परदेशात बसलेल्या शिक्षकाकडून ऑनलाइन शिकवणी बंद. उत्तर अमेरिकेतल्या शिक्षकांना चिनी मुलांशी जोडणाऱ्या व्हीआयपीकिडसारख्या मोठ्या कंपनीला तो धंदा गुंडाळावा लागला. तरीही पालकांची इंग्रजीची भूक गेली नाही. ती आडवाटेने भागवली जाऊ लागली, आणि आडवाटेवर कुठल्या पासपोर्टचा शिक्षक आहे हे कुणी तपासत नाही. भारतीय शिक्षकाला येणाऱ्या ऑफरचं मूळ इथे आहे. मागणी अफाट, कायद्याने उघडलेलं दार मोजक्या पासपोर्टांना, आणि उरलेल्यांना खिडकीतून आत घेण्याचे पैसे मधला माणूस खातो.

हे दार असं अरुंद असणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था सुरू झाली. आज ते इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे. त्याच्या मदतीने भारत सरकारने व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि म्यानमार या देशांत इंग्रजी प्रशिक्षणाची केंद्रं उभी करून दिली. अनेक देशांतले शिक्षक आणि अधिकारी इंग्रजी शिकायला हैदराबादला येतात. त्याही आधी, सम्राट हायले सेलासी यांच्या काळात इथिओपियातल्या गावोगावच्या शाळांत हजारो भारतीय शिक्षक होते. भूतानच्या शाळा उभ्या राहिल्या त्यातही भारतीय शिक्षकांचा मोठा वाटा. म्हणजे इंग्रजी शिकवण्याची भारतीयांची लायकी सरकारं मान्य करतात, पण तीच लायकी एकट्या माणसाच्या खिशातल्या पासपोर्टवर उमटत नाही. हा अन्याय खरा असला तरी त्याचा राग एजंटाच्या हाती देऊ नये. 'नियम मूर्खपणाचा आहे, सगळेच मोडतात,' हे त्याचं हुकमी वाक्य असतं. नियम मूर्खपणाचा असला तरी दंडाची पावती तुमच्या नावाने फाटते.

सगळे दरवाजे बंद आहेत असंही नाही, आणि नेमका इथे अभ्यास उपयोगी पडतो. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी ई-२ व्हिसा असतो आणि तो त्याच सात देशांच्या नागरिकांना मिळतो. पण भारत आणि कोरिया यांच्यात २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षकपात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येण्याची तरतूद आहे. ही वाट शाळांसाठी आहे. कोरियात 'हागवॉन' म्हणतात त्या खासगी क्लासेससाठी नाही. म्हणून एखाद्या हागवॉनने भारतीय पासपोर्टवर ई-२ देऊ असं सांगितलं तर तिथेच थांबावं. क्लास खरा असेल, पण ते वचन त्याच्या हातातलं नाही.

जपानचा नियम तर मराठी घरांत वेगळ्याच जागी लागतो. तिथल्या शाळेत परदेशी भाषा शिकवायची तर शिक्षकाने स्वतः त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं लागतं. पासपोर्ट कुठला, हे त्यात आडवं येत नाही. नागपूरच्या किंवा पणजीच्या कॉन्व्हेंटात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी या अटीत बसते. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दहावी केलेला, पुढे इंग्रजी साहित्यात विद्यापीठात पहिला आलेला मुलगा पदवीची वर्षं धरूनही बारा भरवू शकत नाही. त्याचं इंग्रजी तिच्याहून सरस असू शकेल. तरी त्याला शाळेतल्या नोकरीचं जपानी पत्र आलं तर आपल्या दहावीच्या माध्यमाबद्दल शाळेने काही विचारलं का, हे त्याने आठवून बघावं. ज्यांना व्हिसाचा अर्ज खरंच करायचा असतो ते हे विचारतातच.

थायलंडमध्ये बिगर-स्थलांतरित 'बी' व्हिसा, कामाचा परवाना आणि खुरुसाफा या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट, असे तीन कागद लागतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी मानली जात नाही त्यांच्याकडे टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण मागितले जातात. फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने याच वाटेने तिथे शिकवतात, म्हणजे वाट चालती आहे. पण २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येऊ लागलं आणि 'नुसतं तिकीट काढून या' म्हणणं एजंटांना सोपं झालं. पर्यटक म्हणून उतरून वर्गावर उभं राहणाऱ्याला ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि परत पाठवणी असा तिथला कायदा आहे.

कागदांच्या बाबतीत आपल्या मनातला संशय बहुतेक वेळा उलट्या जागी असतो. शाळेने बायोडेटावर फोटो मागितला, वय विचारलं, राहायला फ्लॅट देऊ म्हटलं की आपल्याला खटकतं. पूर्व आशियात हे रोजचं आहे. खटकायला हवं ते काहीच न मागितल्याचं. लहान मुलांच्या शाळेत परदेशी माणूस नेमायचा तर खरी शाळा पोलिस क्लिअरन्स मागते, डिग्री सर्टिफिकेट साक्षांकित करून मागते, आधीच्या मुख्याध्यापकांशी बोलते, डेमो लेसन घेते. २००७ च्या शेवटी कोरियाने ई-२ साठी गुन्हेगारी नोंदीचा दाखला सक्तीचा केला, तो मुलांवर अत्याचार करणारा एक परदेशी शिक्षक कोरियातल्या वर्गात शिकवत होता हे उघड झाल्यावर. तेव्हा हे दाखले म्हणजे शाळेने मुलांची घेतलेली काळजी आहे. साक्षांकनाची रांग कंटाळवाणी खरी : विद्यापीठाची डिग्री आधी राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, तिथे अपोस्टिलचं, म्हणजे करारातले देश मान्य करतात त्या साक्षांकनाचं, स्टिकर. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, चीन २०२३ च्या नोव्हेंबरपासून आला, संयुक्त अरब अमिराती नाहीत. तिथे दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. व्हॉट्सॲपवर दहा मिनिटं गप्पा मारून आणि मार्कशीटचा फोटो बघून ज्याने नेमणूक केली, त्याने मुलांसाठी शिक्षक शोधलेला नाही.

प्रमाणपत्राचं एक उपदुकानही याच बाजारात थाटलेलं आहे. '१२० तासांचा टेफल', म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम, हा शब्दप्रयोग अनेक देशांच्या अटींत आहे, पण टेफल देणारी जगात कुठली एकच संस्था नाही. त्यामुळे नोकरी देणाराच 'आमचं प्रमाणपत्र घ्या' म्हणतो आणि नोकरी बाजूला राहून प्रमाणपत्राचे पैसे वसूल होतात. केंब्रिजच्या सेल्टा या अध्यापनाच्या प्रमाणपत्रासाठी किमान १२० तासांबरोबर सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकवावं लागतं. घरबसल्या एका रात्रीत मिळणाऱ्या कागदात असं शिकवणं कुठेच नसतं.

आखाताकडे वळलं की चित्र बदलतं. तिथे भारतीय शाळा आहेत, भारतीय बी.एड. चालतं, आणि पासपोर्ट आड येत नाही. सौदीतल्या आंतरराष्ट्रीय भारतीय शाळा तर आपल्या दूतावासाच्या छत्राखाली चालतात. इथे फसवणूक होते ती व्हिजिट व्हिसा आणि पैसे यांवर. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीचं ऑफर लेटर मनुष्यबळ मंत्रालयाच्या यंत्रणेतून निघतं, त्याला क्रमांक असतो, आणि पुढचा करार त्या ऑफरशी जुळावा लागतो. शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र ही फक्त सुरुवात. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या तिथल्या कामगार कायद्यानुसार नेमणुकीचा खर्च मालकाने सोसायचा आहे. तो कामगाराकडून थेट किंवा आडून घेता येत नाही. शिवाय दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला तिथल्या शिक्षण प्राधिकरणाची मान्यता लागते. 'व्हिजिटवर या, शाळा दाखवतो, मग एम्प्लॉयमेंट करू' असं म्हणणारा माणूस या सगळ्या पायऱ्या टाळतो आहे. पासपोर्ट ठेवून घेण्याचा तर तिथे मालकाला हक्कच नाही.

इथल्या बाजूची व्यवस्था समजून घेतली की शिक्षक एकटा का पडतो ते कळतं. आपला उत्प्रवासन कायदा १९८३ चा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाने प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी केलीच पाहिजे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. एजंटाने ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत आणि पावती द्यायची. मोठ्या एजंटाला ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे आणि बेकायदा एजंटांचीही. २०२४ पर्यंत त्या दुसऱ्या यादीत तीन हजारांवर नावं गेली होती. पण या कायद्याचं खरं संरक्षक कवच, म्हणजे जाण्याआधी करार तपासून दिली जाणारी मंजुरी, हे दहावी न झालेल्या आणि ठरावीक १८ देशांत कामाला जाणाऱ्या माणसासाठी आहे. सौदीला निघालेल्या गवंड्याचा करार आपल्या सरकारचा अधिकारी बघतो. एम.ए. झालेल्या शिक्षिकेचा कुणीच बघत नाही, कारण ती शिकलेली आहे, तिला कळतं असं धरलेलं आहे. चिनी करारातलं, थाई परवान्यातलं तिला काय आणि कसं कळावं? विद्यार्थी परदेशी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीच्या फलकाखाली शिक्षकभरती चालते ती याच फटीत. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य बोलावं : तुमचा रिक्रूटिंग एजंट म्हणून परवाना क्रमांक द्या. जाहिरातीत आणि कार्यालयात तो लावलेला असायलाच हवा.

आणि सगळे कागद बरोबर असूनही माणूस पिळला जाऊ शकतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या सरकारी शाळांनी २००७ पासून फिलिपाइन्सहून साडेतीनशेवर शिक्षक आणले. शाळा खऱ्या, कामाचे एच-१बी व्हिसा खरे, पगार अमेरिकी. पण लॉस एंजेलिसच्या एजन्सीने प्रत्येकाकडून सुमारे १६ हजार डॉलर उकळले होते. पैसे भरून झाल्यावर, माघार घ्यायची सोय संपल्यावर, दुसऱ्या वर्षाच्या पगारातला दहा टक्के हिस्सा देण्याचा करार समोर ठेवला. लोकांनी जबर व्याजाने कर्जं काढली होती. २०१० मध्ये शिक्षक संघटनेच्या मदतीने ते कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर द्यायचा निकाल दिला. त्याच सुमारास, २०११ मध्ये, मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शिक्षण मंडळाला परदेशी शिक्षकांकडून व्हिसाचा खर्च वसूल केल्याबद्दल सुमारे ४२ लाख डॉलर परत करावे लागले. तिथे तर एजंट नव्हे, प्रत्यक्ष शाळा चालवणारं मंडळच चुकलं होतं. या दोन्ही प्रकरणांतली खूण एकच : पैसा शिक्षकाकडून निघून वर जात होता. आपल्या शिक्षकाला कुणी 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणो, 'व्हिसा सिक्युरिटी' म्हणो की 'दहशतवादविरोधी क्लिअरन्स'चं शुल्क म्हणो, पैशाचं तोंड कुठे आहे तेवढंच बघावं. ब्रिटनच्या नावाने तर असल्या क्लिअरन्सचा नुसता सुळसुळाट आहे. तिथे परदेशी माणूस नेमायचा परवाना असलेल्या संस्थांची यादी सरकार जाहीर करतं, आणि शाळा त्या यादीत नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

जपानमधलं नोवा हे मोठं उदाहरण वेगळं. १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेली ही इंग्रजी क्लासेसची साखळी जपानभर पसरली होती. हजारो परदेशी शिक्षक कायदेशीर व्हिसावर तिथे शिकवत होते. ऑक्टोबर २००७ मध्ये ती कोसळली. त्याआधीच पगार थकले होते, आणि पगारातून कापलेलं घरभाडं घरमालकांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. घर सोडायच्या नोटिसा आलेले शिक्षक जेवणाच्या मोबदल्यात शिकवण्या घेत होते. राहणं फुकट असेल तर भाड्याचा करार कुणाच्या नावे आहे, हे म्हणून विचारावं. परतीच्या तिकिटाचे पैसे पगाराबाहेर, वेगळे, आपल्याच खात्यात भारतात ठेवावेत. हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण खरेपणाची खात्री झाली की माणूस सैल होतो.

शेवटी थाय-म्यानमार सीमेवरच्या म्यावाडीची गोष्ट, कारण त्यात जीवच धोक्यात येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला : थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची चांगली नोकरी सांगून तरुणांना बँकॉकला नेतात आणि तिथून नदी ओलांडून म्यानमारमध्ये, सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकल्याचा अंदाज दिला. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना माए सोत या सीमेवरच्या थाय शहरातून परत आणलं. या कोंडवाड्यांना हवी असते चांगलं इंग्रजी बोलणारी, चॅटवर परदेशी माणसाचा विश्वास संपादन करणारी मुलं. इंग्रजीचा पदवीधर त्यांच्या दृष्टीने आयता माल आहे. तेव्हा कामाचं नाव शिक्षक असो की ट्रेनर, नेमणूक बँकॉकची असून गाडी माए सोतच्या दिशेने निघाली किंवा विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसाने पासपोर्ट मागितला, की तिथेच, गर्दीत, पोलिसांसमोर थांबावं आणि दूतावासाला फोन लावावा. तो क्रमांक निघण्याआधी कागदावर लिहून खिशात असावा, कारण फोन सगळ्यात आधी काढून घेतात.

इथेच पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा; पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. एजंटाविरुद्ध ई-मायग्रेटवर आणि पोलिसांत, दोन्हीकडे तक्रार द्यावी. परदेशात अडकलेल्यांसाठी मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे.

आणि निघण्याआधी एक बोलणं करायचंच. ज्या शाळेने बोलावलं आहे तिथे सध्या शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाशी, एजंट मध्ये न ठेवता, बोलावं. भारतीय असेल तर उत्तम. शाळेने त्याचा संपर्क द्यायला नकार दिला तर तेही एक उत्तरच. पगार किती, मुलं कशी, हे विचारलं तरी चालेल, पण आधी विचारावं : तुमच्या कामाच्या परवान्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे? परवाना एका कंपनीच्या नावाचा आणि शिकवणं दुसऱ्याच शाळेत, असा प्रकार चीनमध्ये सर्रास आढळतो आणि तोही बेकायदाच आहे. ज्याच्या परवान्यावर त्याच शाळेचं नाव आहे तो ते चटकन सांगतो, फोटोही पाठवतो. जो अडखळतो, विषय बदलतो किंवा 'इथे आल्यावर कळेल' म्हणतो, त्याच्या शाळेत आपण अजून रुजू झालेलो नाही, हे लक्षात ठेवून फोन ठेवावा आणि तिकीट काढायचं थांबवावं.